तुकोबांच्या पुलावरून

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीतुकोबारायांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरी मुक्कामास येते. एकीकडे कारखान्याचा भोंगा, दुसरीकडे टाळमृदंगाचा गजर, असा तो विलक्षण संगम होय.

गेल्या वारीत तेथे कीर्तनसेवा आटोपून आम्ही बसलो असता चाकणच्या कारखान्यातील एक तरुण नमस्कारास आला. अमेरिकेतील एका ख्रिस्तभक्त गायकाच्या गाजलेल्या पदांचा संग्रह त्याने आम्हांस मोबाइलवर ऐकविला. सूर थोडा, तालावर झपाट्याने म्हटलेले बोलच फार! या प्रकारास ‘हिप-हॉप’ म्हणतात. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत तो जन्मला. २०१३ मध्ये त्याच धाटणीच्या लेक्रे यांच्या ‘ग्रॅव्हिटी’ या भक्तिसंग्रहास ग्रॅमी पारितोषिक लाभले. तरुणाने भीत भीत पुसले, “बुवा, रस्त्यावरच्या ठेक्यात देवाचे नाव घेतलेले चालते का?”

उत्तरादाखल आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव घेतले. १८६१ साली कोकणातील करजगावी ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. त्यापायी संसार दुभंगला. पत्नी लक्ष्मीबाई पुढे परतल्या व १९०० मध्ये त्यांनीही दीक्षा घेतली. ती व्यथा त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त अजरामर झाली आहे. धर्म बदलला, पण टिळकांनी छंद बदलला नाही. परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित स्तोत्रे त्यांस रुचेनात. त्यांनी अभंग रचले, पदे रचली, कीर्तनेही केली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची शंभराहून अधिक पदे समाविष्ट झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो, हे ऋण ते मोकळेपणाने सांगत.

येथे एक कबुली दिली पाहिजे. ऐन पंचविशीत शेजारच्या ख्रिस्ती घरातून असाच एक अभंग कानी आला, तेव्हा आम्ही रागाने खिडकी लावून घेतली होती. चाल आमची आणि देव त्यांचा, हा तो राग! पुढे अभ्यासांती उमगले की, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा हा साचा कोणाच्या तिजोरीतील ठेव नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक आणि अखेरचा आखूड चरण यांमुळे तो निरक्षराच्याही जिभेवर बसतो. म्हणून संतांनी तो घेतला, म्हणूनच टिळकांनीही. देण्याने पुलाचा दगड झिजत नाही. कोणती पदे टिकावीत, हे अखेर लोकांचा कंठच ठरवितो.

आम्ही त्या तरुणास म्हणालो, “बाळ, ठेका कोठला हे नको पाहूस. मुखी काय आहे, ते पाहा. तुला अभंग किती पाठ आहेत?”

त्याने मान खाली घातली. त्या परदेशी संग्रहातील पदे त्यास तोंडपाठ होती. तुकोबांचा मात्र एकही अभंग पुरता येत नव्हता. दोष त्याचा नव्हे. आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याच्या कानी घातलेच किती?

वाचकहो, आषाढी एकादशीपर्यंत घरातील मुलांकडून एक अभंग तरी पाठ करून घ्या. ठेका त्यांच्या आवडीचा असो!