लंडनची संग्रहालये : तिकीट नाही, पण किंमत आहे

मुलाला किंवा मुलीला लंडनमध्ये नोकरी लागली, नातवंड झाले, म्हणून दोन-तीन महिने तिकडे राहून येणारे आईवडील आता आपल्या ओळखीपाळखीत सहज सापडतात. पहिल्या आठवड्याची नवलाई ओसरली की त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो. मुले सकाळी कामावर जातात, मग दिवसभर करायचे काय? बाहेर पडावे तर प्रत्येक पौंडाला मनातल्या मनात शंभराने गुणावे लागते. टॉवर ऑफ लंडन पाहायचा म्हटले तर चौघांच्या कुटुंबाचा खर्च दहा हजार रुपयांच्या पुढे जातो. मग ‘राहू दे, फोटोतच पाहू’ असे म्हणून ही मंडळी घरात बसतात.

अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या महागड्या शहरातील सर्वांत मोठी संग्रहालये पाहायला एक पैसाही लागत नाही. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांचे कायमस्वरूपी संग्रह सर्वांना मोफत खुले आहेत. तुम्ही कोणत्या देशाचे, हेही कोणी विचारत नाही. फक्त खास प्रदर्शनांना तिकीट असते.

मोफत, पण कोणाच्या पैशाने?

ही कोणा राजाची मेहेरबानी नव्हे. सर हॅन्स स्लोन नावाच्या डॉक्टरने आयुष्यभर सुमारे ७१ हजार वस्तू जमवल्या होत्या. आपल्या वारसांना २० हजार पौंड दिल्यास हा संग्रह देशाला द्यावा, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. १७५३ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला आणि चक्क लॉटरी काढून पैसा उभारला. १५ जानेवारी १७५९ रोजी ब्रिटिश म्युझियमचे दरवाजे लोकांसाठी उघडले, तेही विनामूल्य. स्लोनच्या संपत्तीतील एक भाग जमैकातील गुलामांच्या मळ्यांतून आलेला होता, हेही आता तिकडे मोकळेपणाने सांगितले जाते.

मोफत प्रवेशावर गदाही आली. १९७४ मध्ये सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना तिकीट लावले. आरडाओरडा झाला आणि तीन महिन्यांत ते मागे घ्यावे लागले. १९८० च्या दशकात साऊथ केन्सिंग्टनमधील संग्रहालयांनी पुन्हा पैसे घ्यायला सुरुवात केली. प्रेक्षक घटले. शेवटी १ डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांतील प्रवेश सर्वांसाठी पुन्हा मोफत झाला. आज हा खर्च सरकारी अनुदान, देणग्या, दुकाने, उपाहारगृहे आणि खास प्रदर्शनांची तिकिटे यांतून भागतो. म्हणजे आपल्या तिकिटाचे पैसे तिथला करदाता भरतो. तुमचा मुलगा तिकडे कर भरत असेल, तर त्यात त्याचाही वाटा आहे. तेव्हा संकोच न बाळगता आत जा.

सकाळ : बाबासाहेबांचे घर

दिवसाची सुरुवात मराठी माणसाने १०, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावरून करावी. चॉक फार्म स्टेशनपासून हे घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. पुढे निवासी घराचे संग्रहालय करण्याला स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. भेटीची वेळ आधी विचारून मगच निघावे. घर बंद असले तरी दर्शनी भिंतीवरचा फलक रस्त्यावरून दिसतो.

इथून पुढचा टप्पा ब्रिटिश म्युझियम. कारण तरुण आंबेडकरही याच घरातून तिकडे जात. त्या काळी देशाचे मोठे ग्रंथालय ब्रिटिश म्युझियमच्याच इमारतीत होते. १८५७ मध्ये बांधलेल्या त्याच्या गोल घुमटाखालच्या वाचनकक्षात ते दिवस दिवस बसून वाचत. हातात पैसा बेताचा, जेवण त्याहून बेताचे. पण जगातील उत्तमोत्तम पुस्तके विनामूल्य समोर येत होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यामागे लंडनमधील हे वाचन होते. मोफत दार एखाद्या गरीब विद्यार्थ्याला कुठवर नेऊ शकते, हे नातवंडांना सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

ग्रंथालय १९९० च्या दशकाअखेर दुसऱ्या इमारतीत हलले. पण २००० मध्ये काचेचे छप्पर घातलेल्या भव्य चौकाच्या मधोमध ती गोल वास्तू अजून उभी आहे.

दुपारपर्यंत : ब्रिटिश म्युझियम

या संग्रहालयात सुमारे ८० लाख वस्तू आहेत. त्यांतील जेमतेम एक टक्का मांडलेल्या असतात, तरीही सगळे पाहतो म्हणणारा दमून जाईल. दोनच गोष्टी ठरवून पाहाव्यात.

पहिली रोझेटा शिळा. इसवी सनापूर्वी १९६ मधील एकच राजाज्ञा या शिळेवर इजिप्तची चित्रलिपी, तिथलीच लोकव्यवहारातील लिपी आणि ग्रीक अशा तीन प्रकारे कोरलेली आहे. ग्रीक वाचता येत होते. त्या आधारावर फ्रेंच पंडित शाम्पोलियाँने १८२२ मध्ये चित्रलिपीचे कोडे उलगडले. शाळकरी मुलांना हे कोडे फार आवडते.

दुसरी अमरावतीची शिल्पे. आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे हे संगमरवरासारखे दिसणारे चुनखडीचे शिलापट. १८४५ मध्ये वॉल्टर एलियट या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे उत्खनन केले. शिल्पे आधी मद्रासला आणि नंतर लंडनला गेली. याच स्तूपाचा मोठा भाग चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहे. एका स्तूपाची दोन देशांत वाटणी कशी झाली, हा प्रश्न इथे आपोआप मनात येतो.

बारा-साडेबाराला बाहेर पडावे. मागच्या बाजूला थोड्याच अंतरावर रसेल स्क्वेअरची बाग आहे. घरून नेलेली पोळी-भाजी तिथल्या बाकावर खुशाल खावी. लंडनची माणसेही दुपारी सँडविच घेऊन बागेतच बसतात.

दुपारनंतर : साऊथ केन्सिंग्टन

होबर्न स्टेशनवरून पिकॅडिली मार्गाची गाडी थेट साऊथ केन्सिंग्टनला जाते. तीन मोठी संग्रहालये इथे शेजारी शेजारी आहेत आणि स्टेशनातून त्यांच्याकडे जायला भुयारी वाट आहे. पाऊस असला तरी भिजायला होत नाही.

मुले बरोबर असतील तर आधी नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये जा. मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा सांगाडा छताला टांगलेला आहे. १८९१ मध्ये तो मासा आयर्लंडच्या किनाऱ्यावर वाहून आला होता. पायऱ्यांवर बसून वर पाहिले की माणसाचा आकार किती, हे कोणी सांगावे लागत नाही. शेजारच्या सायन्स म्युझियममध्ये १९६९ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अपोलो-१० चे यान आहे.

शेवटचे दोन तास व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसाठी ठेवावेत. भारतीय कलावस्तूंचा याचा संग्रह फार मोठा आहे. टिपू सुलतानाचा प्रसिद्ध लाकडी वाघ याच संग्रहातला. गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेल्या या वाघाच्या पोटात बाजा बसवलेला आहे. मूठ फिरवली की वाघाची गुरगुर आणि माणसाचे कण्हणे ऐकू येई. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि लुटीत हा वाघ इंग्रजांच्या हाती लागला.

आपली वाघनखे

महाराष्ट्रात गाजलेली वाघनखेही याच संग्रहालयाची. ती १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयात आली. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात पाठवण्यात आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लोकांनी ती पाहिली. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, असे खुद्द संग्रहालय म्हणते. गंमत म्हणजे वाघनखांसोबतच्या पेटीवरील जुन्या इंग्रजी मजकुरात शिवाजीने ‘मोगल सेनापतीला’ मारल्याचे लिहिले आहे. अफजलखान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता, हे आपल्या चौथीच्या मुलालाही ठाऊक असते! पाटीवर छापले म्हणून ते खरेच असते असे नाही, हा धडा मुलांना यातून मिळतो.

मग मुले विचारतातच : ‘आपल्या वस्तू इथे कशा? आणि परत का देत नाहीत?’ हा प्रश्न टाळू नये. काही वस्तू लुटून नेल्या, काही विकत घेतल्या, काही भेट मिळाल्या, तर काही सत्ता हातात होती म्हणून उचलल्या. परत न देण्यामागे तिथला कायदाही आहे. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ च्या कायद्यामुळे, मोजके अपवाद सोडले तर, संग्रहातील वस्तू देऊन टाकता येत नाहीत. म्हणूनच वाघनखे परत न येता उसनी आली. ग्रीस देशही पार्थेनॉनच्या शिल्पांसाठी वर्षानुवर्षे भांडतो आहे. ‘आमच्याकडे वस्तू सुरक्षित राहतात’ हा युक्तिवादही २०२३ मध्ये लंगडा पडला. ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ किंवा खराब झाल्याचे तेव्हा उघड झाले आणि संचालकांना पद सोडावे लागले.

म्हणजे या दारांवर तिकीट नाही, पण आतल्या वस्तूंची किंमत कोणी ना कोणी चुकवली आहे. ती किंमत चुकवणाऱ्यांत आपलेही पूर्वज होते. तेव्हा भारावून जाऊन नव्हे किंवा नुसता संताप घेऊनही नव्हे, तर पाटी नीट वाचत आणि प्रश्न विचारत हा दिवस घालवावा.

निघण्यापूर्वी एवढे करा

* प्रवेश मोफत असला तरी संकेतस्थळावर वेळ नोंदवून ठेवावी. तीही मोफत असते आणि रांग टळते.
* काही दालने दुरुस्तीसाठी बंद असतात. विशिष्ट वस्तू पाहायची असेल तर ती सध्या मांडलेली आहे का, हे आधी पाहून घ्या.
* ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट शुक्रवारी उशिरापर्यंत उघडी असतात.
* अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत बस आणि भुयारी रेल्वेत भाडे पडत नाही.
* मोठ्या बॅगा नेऊ नयेत. दारावर तपासणी होते.
* चालणे खूप होते. चपला-बूट सवयीचे घालावेत. गुडघे दुखणाऱ्यांनी एका दिवसात दोनच ठिकाणे करावीत.
* देणगीपेटीत पैसे टाकायलाच हवेत असे नाही. जमले तर जरूर टाका.

ही सवय घरी आणा

लंडनमध्ये सुट्टीच्या दिवशी आजीआजोबा, आईबाप आणि बाबागाडीतले तान्हे मूल असे सगळे कुटुंब संग्रहालयात दिसते. आपल्याकडे मात्र संग्रहालय म्हणजे शाळेच्या सहलीत एकदा पाहून संपवायची गोष्ट. मुंबईत राहून गांधीजींचे मणिभवन न पाहिलेली कितीतरी कुटुंबे असतील. गावदेवीच्या या घरात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की उतरत. 

तेव्हा परदेशवारीचा योग येईपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी आपल्याच गावातले संग्रहालय शोधा, मुलांना घेऊन जा आणि एकाच वस्तूसमोर दहा मिनिटे उभे राहा. ती कोणी घडवली, कोणी वापरली आणि इथवर कशी आली, एवढेच त्यांना विचारा. दूरदेशीच्या काचेमागे आपली वस्तू पाहून ज्या मुलांनी ‘ही इथे कशी?’ असे विचारायला हवे, त्यांना आधी आपल्या घरची वस्तू ओळखता आली पाहिजे.