धुकं, तेही खिशाला परवडणारं!

मैत्रिणींनो, सिनेमात धुकं दिसलं की आपण लगेच सावरून बसतो. आता काहीतरी घडणार! कुणी हरवलेलं सापडणार, नाहीतर पांढरी साडी नेसलेली बाई मेणबत्ती घेऊन येणार. पण ते धुकं तिथं आणतं कोण, आणि किती पैशांत, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आमच्या बचत गटातल्या बायकांना आणि त्यांच्या लेकींना तो पडला, कारण त्यांनी मोबाईलवर दहा मिनिटांची फिल्म करायला घेतली.

पुण्याहून पौडकडे निघालं की पिरंगुटच्या पुढं आमचं कासार आंबोली. मुलींच्या सैनिकी शाळेमुळे गावाचं नाव बाहेरही बऱ्याच जणांना ठाऊक आहे. फिल्मची गोष्ट मात्र अगदी साधी. वाडीवरची मुलगी पहाटेच्या अंधारात बस गाठायला निघते. रस्ता सुनसान, म्हणून घरचे कॉलेज बंद करायचं म्हणतात. शेवटी आईच बॅटरी घेऊन तिच्या मागं चालत येते. धुक्यातून आधी उजेड दिसतो, मग पदर, मग चेहरा. सगळी फिल्म या एका दृश्यावर उभी होती. आईचं काम करणारी बाई त्या मुलीची खरीच आई, आणि गोष्टही बरीचशी त्यांच्याच घरातली. पैसे म्हणाल तर भिशीत उरतात तेवढे.

आता कुणी म्हणेल, मुळशीत राहून धुकं विकत कशाला? खरं आहे. हिवाळ्यात रात्री आभाळ स्वच्छ असलं, वारा पडलेला असला आणि जमिनीत ओल असली की पहाटे ओढ्याकाठी, भातखाचरात धुकं उतरतंच. पावसाळ्यात ताम्हिणीकडे तर ढगच रस्त्यावर येतात. पण त्याला हुकूम कोण देणार? आज आहे, उद्या नाही. शिवाय ऊन वर आलं की विरून जातं आणि अर्धा प्रसंग धुक्यात, अर्धा लख्ख उन्हात असा घोळ होतो. त्यामुळे खरं धुकं मिळेल तेवढं टिपायचं आणि उरलेलं त्याच्याशी जुळेल असं तयार करायचं, असं ठरलं.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, टायर पेटवू. दुसरा म्हणाला, ओला पेंढा जाळू. तिसऱ्यानं तर ग्रामपंचायतीचं डासांचं फॉगिंग मशीनच आणायचं काढलं! त्या धुरात डिझेलसारखं तेल आणि कीटकनाशक असतं. त्यामागं पोरं पळतात म्हणून ते खेळणं होत नाही. आणि आमच्या नायिकेला दमा, तिचा पंप कायम दप्तरात. चुलीच्या धुरानं बायकांच्या छातीचं काय होतं ते आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय, पुन्हा हौसेनं तोच धूर कशाला? दृश्य राहिलं तरी चालेल, पण पोरीला धाप लागता कामा नये, हे आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिवाय धूर वर चढतो, एका जागेवरून लोट निघतात. बघणाऱ्याला लगेच कळतं की आग लागलीय.

आपल्या मराठी माणसानं हा खटाटोप शंभर वर्षांपूर्वीच केलाय बरं का! कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवरचा. त्यात शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. तोवर आपल्याकडचं चित्रीकरण सूर्यप्रकाशावरच चालायचं. पेंटरांनी या चित्रपटात कृत्रिम दिवे वापरून चांदण्याचा आणि धुक्याचा परिणाम साधला, अशी इतिहासात नोंद आहे. मूळचा हात चित्रकाराचा! धुकं म्हणजे निम्मा खेळ उजेडाचा, हे त्यांना नेमकं कळलेलं. पुढं गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्तींनी तो प्रसिद्ध झोत आणला, तोही मोठमोठ्या आरशांनी बाहेरचं ऊन स्टुडिओत वळवून. आरसा तर आपल्या प्रत्येकीच्या कपाटाला असतो.

लग्नात नवरा-नवरी हल्ली ढगातून चालत येतात, तो कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तापमान शून्याखाली ७८ अंश. गरम पाण्यात टाकला की पांढरे लोट निघतात आणि जमिनीलगत पसरतात. दिसतं सुरेख, पण जपून! उघड्या हातानं धरला तर भाजल्यासारखी जखम होते. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बाटलीत ठेवला तर स्फोट होऊ शकतो. एका किलोपासून ५०० लिटरहून जास्त वायू तयार होतो आणि तो हवेपेक्षा जड, म्हणजे खालीच साचणार. बंद खोलीत, खड्ड्यात, जमिनीवर खेळणाऱ्या बाळाच्या नाकाशी तो नको. आणि तोंडात तर कधीच नाही. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात मुखवास समजून ड्राय आइस खाल्ल्यानं लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या, रुग्णालयात न्यावं लागलं. तुमच्या घरच्या कार्यात मंडपवाला हे आणणार असेल तर आधी त्याला एवढं विचाराच. आम्ही ते टाळलंच.

मग उरलं डीजेवाल्याकडचं भाड्याचं फॉग मशीन. त्यात पाणी आणि ग्लायकोलचं मिश्रण तापून बारीक धुकं होतं. पण ते गरम असल्यानं वर उडतं. यावर स्वस्त युक्ती आहे. थर्मोकोलच्या मोठ्या डब्यात साधा बर्फ भरायचा, एका बाजूनं धुकं आत सोडायचं, दुसऱ्या बाजूच्या पाइपातून बाहेर काढायचं. गार झालं की ते शहाण्यासारखं जमिनीवरून सरपटतं! मात्र यानंही घशाला त्रास होऊ शकतो, फरशी निसरडी होते. दम्याच्या माणसाला लांबच ठेवायचं.

एका मावशींनी आणखी एक सुचवलं. त्यांचा भाऊ फुलशेतीवाला, पॉलिहाऊसमधले फॉगर बारीक तुषार उडवतात, ते का नको? कल्पना झकास. नुसतं पाणी, म्हणून नायिकेलाही चालेल. पण मोबाईल भिजतो आणि मागं गुलाबाचे वाफे दिसतात. फवारणीचा पाठीवरचा पंप वापरायचा झाला तर कोरा हवा. ज्यातून कधी औषध मारलंय तो कितीही धुतला तरी नको.

उजेडाचं गणित आम्हाला प्रयोग करता करता उमगलं. समोरून दिवा मारला की धुक्याची पांढरी भिंत होते, माणूस दिसेनासा होतो. दिवा मागून किंवा तिरपा, आणि पाठीमागं गडद झाडी, तर धुकं उठून दिसतं. जवळचं झाड काळं, लांबचं फिकट, असे थर दिसले की डोळा फसतो. म्हणून लांबच्या झाडांपुढं बांबूला पांढरी मच्छरदाणी ताणून बांधली, सुरकुती न ठेवता. कॅमेरा हलवला नाही तर ओळखू येत नाही. धुकं सोडल्यावर लगेच शूटिंग सुरू करायचं नाही. पुठ्ठ्यानं वारा घालून ते पसरवायचं, लोट मोडले की मग ‘अ‍ॅक्शन’. आणि हे सगळं सूर्य उगवायच्या आत. नंतर वारा सुटतो.

जागा मुद्दाम शेताकडची बैलगाडीची वाट निवडली. पौड रस्त्यावर धुकं सोडलं आणि एखादा दुचाकीवाला आला तर? सरपंचांच्या आणि पोलिसांच्या कानावर घातलं होतं ते वेगळंच.

मुलगी मशीनपासून खूप पुढं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहिली. खरं तर तिच्या आसपास धुक्याची गरजच नव्हती, तिच्या पाठीमागं लांबवर दिसलं की झालं. धुक्यातून चालायचं काम आईचं. तिच्या हातातली बॅटरी कॅमेऱ्याकडे रोखलेली, म्हणजे मागचा दिवाही तोच. वेगळा आणावा लागला नाही. दुसऱ्या खेपेला आधी उजेड आला, मग पदर, मग चेहरा. आईला एक वाक्य बोलायचं होतं. ती बोललीच नाही, नुसती पुढं येऊन लेकीच्या खांद्यावरचं दप्तर तिनं आपल्याकडे घेतलं. मशीनच्या फुसफुशीत ते वाक्य तसंही ऐकू आलं नसतं. आम्ही आहे तसंच ठेवलं.

बर्फाचा डबा मासेवाल्या मावशींचा होता. धुऊन, उन्हात वाळवून दुपारी परत केला.