कातडीचा कर्करोग ओळखणारा संगणक

अंगावरच्या डागाचा फोटो काढावा आणि तो कर्करोगाचा आहे की नाही हे संगणकाने सांगावे, अशी सोय आता निघाली आहे. संत्र्याच्या पानाचा फोटो पाठवून रोग विचारणारे शेतकरी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातही आहेत. उद्या तोच मोबाईल ते स्वतःच्या कातडीवर धरतील. म्हणून हे यंत्र कसे शिकते आणि कोठे फसते, ते येथे देत आहोत.

संत्र्याच्या ढिगावर नवे पोर बसवले तर त्याला कोणी नियम पाठ करायला लावीत नाही. हे पहिल्या नंबरचे, हे कोळशी लागलेले, असे फळ दाखवत जातात आणि चुकले की टोकतात. हंगाम संपेपर्यंत त्याची नजर बसते. संगणकालाही असेच शिकवतात. या पद्धतीस डीप लर्निंग म्हणतात. उत्तर चुकले की यंत्र आपल्या हिशेबाचे आकडे थोडे हलवते, असे असंख्य वेळा. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १ लाख २९ हजारांवर फोटो वापरून शिकवलेले यंत्र २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीस उतरले. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण ढीग सगळा मोसंबीचा असेल तर ते पोर संत्र्यात गोंधळणारच! असल्या यंत्रांना दाखवलेले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. २०२२ साली संशोधकांनी निरनिराळ्या वर्णांच्या लोकांचे ६५६ फोटो देऊन पाहिले, तेव्हा काळ्या-सावळ्या कातडीवर यंत्रांची ओळख बरीच घसरली.

शिवाय आपल्यात रोगाची जागाही निराळी. कातडीचा रंग उन्हापासून आपला बचाव करतो, म्हणून हा रोग आपल्याकडे कमी. पण मेलानोमा हा घातक प्रकार झालाच, तर तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. काटा रुतला असेल, कुरूप असेल, असे समजून माणूस ब्लेडने कापतो, बिब्बा लावतो, आणि महिने निघून जातात.

दुसरी जागा कमरेची. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतर आवळण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे परकराच्या नाडीखालीही तो आढळला. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट गाठ, घाम आणि घर्षण. आधी काळपट पट्टा, मग खाज, खपली, शेवटी न भरणारी जखम. बायका संकोचाने ही जागा घरातही दाखवीत नाहीत, मग मोबाईलला कोठून दिसणार? नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी, ती सैल बांधावी आणि बांधण्याची जागा बदलत राहावी. चुलीवर भाजल्याचा जुना व्रण पुन्हा पुन्हा फुटत असेल तर तोही दाखवावा.

यंत्राने भीती दाखवली तर ताबडतोब दवाखाना गाठावा. ते ‘काही नाही’ म्हणाले, पण जखम महिनाभरात भरली नाही, तळव्यावरचा काळा डाग पसरू लागला किंवा नखाखालची काळी रेघ रुंद होत गेली, तर यंत्राचे ऐकू नये. छिंदवाडा किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. ते म्हणतील तर तुकडा काढून तपासणी करून घ्यावी. पक्का निकाल तिचाच. फोटो काढायचाच तर डागाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे आणि तारीख लिहून ठेवावी. डाग किती दिवसांत किती वाढला, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.