कट्ट्यावरचे कपाट किती उंच?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्वयंपाकघरावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल. परंतु मोजमाप आणि खर्च हे दोन्ही आमच्याच शाखेचे विषय, आणि या दोन्हींत माझी एकदा चूक झाली. ती इतरांनी टाळावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या कोगनोळीच्या जुन्या घरांतून चूल जमिनीवर असे. बाई पाटावर बसून भाकरी थापी आणि मीठ-मिरचीची देवळी तिच्या बसल्या हाताला लागे. पुढे गॅस आला आणि स्वयंपाक उभा झाला. पुण्या-मुंबईकडचा ओटा म्हणजे आपल्याकडचा कट्टा. कन्नडमध्येही 'कट्टे' म्हणजे बांधून उंच केलेली जागाच. कट्टा आला आणि त्याच्यावर भिंतीला कपाटही आले. ते किती उंच लावायचे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आमचे स्वयंपाकघर नव्याने बांधले तेव्हा सुतारमामा म्हणाले, "वहिनी, दाराच्या चौकटीच्या रेघेत घेऊया, भिंत देखणी दिसंल." आई म्हणाली, "बघा, तुमास्नी बरं वाटंल तसं." मी वहीत माप लिहून घेतले आणि मान डोलावली. चौकटीची वरची रेघ सात फुटांवर, कपाट दोन फूट उंच. म्हणजे कपाटाचा तळ जमिनीपासून पाच फुटांवर आला. कट्टा 33 इंचांचा. मध्ये 27 इंच मोकळी जागा राहिली. भिंत खरोखरच देखणी दिसू लागली.

आईची उंची चार फूट अकरा इंच. खालच्या फळीवरचे पुढचे डबे तेवढे तिच्या हाताला येत. बाकीच्यासाठी ती पाटावर चढे. एके दिवशी शेंगदाण्याचा डबा काढताना पाट सरकला आणि तिचे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये असेतो स्वयंपाक माझ्याकडे आला. मला वाटले होते की जड जाईल. पण डबे भराभर हाती येत होते, कोठे टाचा उचलाव्या लागत नव्हत्या. माझी उंची पाच फूट आठ इंच. तेव्हा ध्यानात आले, की रोज आई वापरणार ते कपाट मी माझ्या मापाने लावून घेतले होते!

प्लास्टर निघाल्यावर मी टेप घेऊन बसलो. जे समजले ते क्रमाने सांगतो.

पहिले माप कट्ट्याचे. सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. कोपराच्या तीन-चार इंच खाली कट्टा असावा. आईचे कोपर 37 इंचांवर येते, म्हणून 33 इंच ठीक होते. भाकरी थापायला जोर लागतो, त्यासाठी याहून थोडा खालचा कट्टा बरा.

दुसरे माप हाताच्या पोचेचे. येथेच बहुतेकांची फसगत होते. मोकळ्या भिंतीला टेकून हात वर केला तर तो बराच वर जातो. पण कट्टा दोन फूट रुंद असतो, तो शरीराला भिंतीपासून दूर धरतो. हात जितका पुढे न्यावा तितका तो वर कमी जातो. म्हणून माप कट्ट्यापाशी उभे राहूनच घ्यावे: टाचा जमिनीवर, हातात भरलेला डबा. आईचा हात असा पाच फूट चार इंचांपर्यंत गेला. आमची वरची फळी सहा फुटांवर होती!

तिसरे माप मधल्या जागेचे. कट्टा आणि कपाट यांत साधारण 18 इंच पुरतात. मिक्सर भांड्यासकट मावतो. पाण्याचा उंच फिल्टर असेल तर तो कपाट नसलेल्या टोकाला ठेवावा. शेगडीच्या वर मात्र कपाट मुळीच नको. आपल्याकडे शेगडी कट्ट्यावर ठेवलेली असते, तिच्यावर पातेले चढते. वर लाकूड असले तर वाफ, तेलकटपणा आणि आगीची भीती. ती जागा खिडकीला किंवा चिमणीला द्यावी.

शेवटी कपाटाची खोली 12 इंच पुरे. कट्ट्याच्या निम्मी असली म्हणजे कपाळ आपटत नाही. दारे सरकती असावीत. उघडे राहिलेले दार डोक्याला लागते.

हा प्रश्न केवळ आपल्याच गावचा नाही. अमेरिकेत 36 इंचांचा कट्टा सर्वसाधारण मानला जातो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. छापील नकाशातले परदेशी माप तसेच उचलले तर ते आपल्या घरात बसणार कसे? त्याच अमेरिकेत बारा मुलांच्या आई असलेल्या अभियंत्या लिलियन गिलब्रेथ यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातील पावले आणि हालचाली मोजून आखणी केली. कामाची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीवरून ठरावी, हा त्यांचा आग्रह होता.

आम्ही कपाट नऊ इंच खाली आणले. आता तळ चार फूट तीन इंचांवर आणि वरची फळी पाच फूट तीन इंचांवर आहे. दोन्ही फळ्या आईच्या हाताला येतात. मला थोडे वाकावे लागते, ते मी वाकतो. कपाटाची वरची कड आणि चौकटीची रेघ आता जुळत नाहीत, पाहुणे तसे बोलूनही दाखवतात.

खर्चाचे म्हणाल तर दोन दिवसांची मजुरी आणि जुनी भोके बुजवायला थोडे सिमेंट लागले. दवाखान्याचा खर्च वेगळा. आईने काढलेले दुखण्याचे दिवस कोणत्या खात्यावर लिहावेत, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. सुरुवातीलाच तिला कट्ट्यापाशी उभे करून माप घेतले असते तर पाच मिनिटे लागली असती, आणि खर्च शून्य.

ज्यांच्या घरी यंदा बांधकाम निघणार असेल, त्यांनी सुतार येण्याआधी एवढे अवश्य करावे. "बघा, तुम्हाला बरं वाटेल तसं" या उत्तरावर थांबू नये. टेप घ्यावा आणि आईला हात वर करायला सांगावे.