पटकीच्या साथीचा माग

भूकंपाने आधीच उद्ध्वस्त झालेल्या हैती देशावर २०१० सालच्या ऑक्टोबरात पटकीचे संकट कोसळले, तेव्हा ज्या देशाच्या दप्तरी सुमारे शतकभर या रोगाची नोंद नव्हती तेथे तो आला कोठून, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहिला नाही. कारण साथ जेथून पसरली त्या आर्तिबोनित नदीच्या एका उपनदीकाठी, मिरबाले गावाजवळ, संयुक्त राष्ट्रसंघाच्या नेपाळी शांतिसैनिकांचा तळ होता, आणि तेथील मैला नदीत जातो अशी लोकांची उघड फिर्याद होती.

जंतू दक्षिण आशियातील आहे, एवढे जुन्या पद्धतीच्या तपासणीनेही लवकरच ठरले होते. परंतु दक्षिण आशिया म्हणजे काही एखादी पेठ नव्हे. नेमका ठावठिकाणा लावायचा तर जंतूच्या डीएनएमधील सुमारे ४० लाख अक्षरांची संहिता वाचणे प्राप्त होते, आणि हे काम नव्या अनुक्रमण-यंत्रांनी आटोक्यात आणले. डीएनएचे बारीक तुकडे काचेच्या पट्टीवर चिकटवून जागच्या जागी प्रत्येकाच्या पुष्कळ प्रती काढतात. मग चार निरनिराळ्या रंगांची चार रासायनिक अक्षरे त्यांवर सोडली, की प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच जोडीचे अक्षर जडते आणि त्याचा रंग कॅमेरा टिपतो. तो रंग काढून टाकून पुढचे अक्षर. एकेका तुकड्याचा मजकूर जेमतेम शे-दीडशे अक्षरांचा, पण असे कोट्यवधी तुकडे एकदमच वाचले जात असल्यामुळे, त्यांतील सामाईक भाग जुळवीत संगणक मूळ संहिता उभी करू शकतो.

नेपाळच्या पाच जिल्ह्यांतील २४ नमुने अशा रीतीने वाचून हैतीच्या तीन नमुन्यांशी ताडून पाहिले गेले, व २०११ च्या ऑगस्टात निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीन नेपाळी आणि तिन्ही हैतीयन नमुने एकाच पोटशाखेत पडत होते, त्यांच्यातील फरक अवघ्या एकदोन अक्षरांचा होता.

तथापि एवढ्यावरून तळाकडे बोट दाखविणे घाईचे ठरले असते. रेनो पिआरू या फ्रेंच वैद्याने नदीकाठी हिंडून पहिले रुग्ण कोठे आणि केव्हा आढळले याची जी चौकशी केली, तिच्यावाचून प्रयोगशाळेचा पुरावा, माझ्या मते, लंगडाच राहिला असता. दोन्ही एकत्र आले तेव्हा मात्र शंकेला फारशी जागा उरली नाही.

या साथीत सुमारे दहा हजार माणसे दगावली. पीडितांनी अमेरिकेत लावलेला दावा राष्ट्रसंघाला असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे फेटाळला गेला; आणि २०१६ च्या डिसेंबरात महासचिव बान की-मून यांनी क्षमा मागितली ती साथीच्या बाबतीत संघाने पुरेसे काही केले नाही म्हणून, साथ आणली कोणी याविषयी अक्षरही न काढता.