ब्रेक पॅड बदलताना : निवड, फिटिंग आणि गॅरेजवाल्याची जबाबदारी

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निघून गेली. त्या गाडीच्या काळातले ब्रेक म्हणजे ड्रम आणि लायनर. ड्रम उघडून लायनर पाहण्यात आपल्या जुन्या उस्तादांचा हात बसलेला होता. आज टॅक्सी असो की घरची गाडी, बहुतेक छोट्या मोटारींना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम असतात. वॅगन-आर हे याचे रोजचे उदाहरण. डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे हे ड्रमच्या कामापेक्षा सोपे आहे, आणि नेमके म्हणूनच ते निष्काळजीपणे केले जाते. दोन बोल्ट काढले, जुने पॅड काढून नवे घातले, दोन बोल्ट आवळले, झाले काम! पण ज्या गोष्टी या घाईत राहून जातात, त्यांच्यावरच गाडीतील माणसांचा जीव आणि गॅरेजचे नाव अवलंबून असते.

आपल्यातील अनेक तरुण गॅरेज आणि सुट्या भागांच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी, तसेच स्वतःची गाडी बाळगणाऱ्या वाचकांसाठी या कामाची माहिती येथे देत आहोत.

पॅड काय काम करते?

चाकाबरोबर लोखंडी डिस्क फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमट्यासारखी पकडतात. गाडीचा वेग घर्षणातून उष्णतेत बदलतो. गाडी आणि प्रवासी मिळून वजन ११०० किलो धरले आणि ताशी ६० किलोमीटरच्या वेगावरून गाडी थांबवली, तर सुमारे अर्धा लिटर साधे पाणी उकळीला येईल इतकी उष्णता तयार होते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. खंबाटकी किंवा कशेडीसारखा घाट उतरताना तर ब्रेक पुन्हा पुन्हा तापतात. हलक्या प्रतीचे पॅड शहरात बरे चालते, पण घाटात तापल्यावर त्याची पकड सुटू लागते. पेडल नेहमीसारखेच लागते, मात्र गाडी थांबत नाही. म्हणून पॅडची परीक्षा गल्लीत होत नाही, उतारावर होते.

केव्हा बदलावे?

छोट्या मोटारीच्या नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावे. लोखंडी पट्टी येथे मोजायची नाही, फक्त थर मोजायचा. अनेक पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किरकिर असा आवाज करते. हा आवाज म्हणजे इशारा आहे. तो ऐकू येऊनही गाडी चालवत राहिल्यास लोखंडावर लोखंड घासते, खर्र असा आवाज येतो आणि डिस्कही वाया जाते. पॅडचा खर्च वाचवायला गेलेल्या गिऱ्हाइकाला मग डिस्कचाही खर्च सोसावा लागतो.

किती किलोमीटरला पॅड बदलावे याचे एकच उत्तर नाही. दिवसभर सिग्नलला थांबणारी टॅक्सी आणि महामार्गावर धावणारी गाडी यांची झीज सारखी नसते. दर सर्व्हिसिंगला चाक काढून थर पाहणे हाच खरा नियम.

निवड कशी करावी?

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे पॅड मिळतात. पहिला ऑरगॅनिक, म्हणजे तंतू, रबर व राळ यांच्या मिश्रणाचा. तो मऊ असतो, आवाज कमी करतो, डिस्क कमी खातो, पण जास्त तापल्यास लवकर थकतो. दुसरा सेमी-मेटॅलिक. त्यात पोलाद, लोखंड, तांबे यांसारख्या धातूंचे प्रमाण मोठे असते. तो उष्णता चांगली सोसतो, मात्र आवाज करू शकतो आणि डिस्कची झीज वाढवतो. तिसरा सिरॅमिक. तो शांत असतो, चाकावर काळी धूळ कमी पाडतो आणि महाग असतो. साधा सल्ला असा की कंपनीने गाडीला ज्या प्रकारचे पॅड दिले होते त्याच प्रकारचे घ्यावे. कमी खर्चाच्या मोहाने खालच्या प्रतीचे पॅड घेऊ नये. त्याचप्रमाणे मोठेपणासाठी शर्यतीच्या गाडीचे पॅडही लावू नये, कारण ते थंड असताना नीट पकडत नाही.

काही पॅडच्या कडेवर लांब क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. त्यांतील पहिले अक्षर साध्या तापमानातील घर्षण सांगते, दुसरे तापल्यानंतरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले ‘एफ’ आणि दुसरे ‘ई’ असेल, तर ते पॅड तापल्यावर ढिले पडते असे समजावे. या अक्षरांवरून टिकाऊपणा किंवा दर्जा ठरत नाही, पण घाटात जाणाऱ्या गाडीसाठी दुसरे अक्षर जरूर पाहावे.

बनावट माल ओळखा

पुण्याची नाना पेठ असो की कुर्ल्याचा सीएसटी रोड, सुट्या भागांच्या कोणत्याही मोठ्या बाजारात चांगल्या मालाशेजारी बनावट मालही येऊ शकतो. खोक्यावर छपाईतील चुका, पुसट रंग, बॅच क्रमांक किंवा कमाल किंमत नसणे ही पहिली खूण. पॅड हातात घेऊन पाहावे. लोखंडी पट्टी सपाट असावी, थर पट्टीला सर्व बाजूंनी घट्ट चिकटलेला असावा, कोठे भेग वा तुकडा निघालेला नसावा. एका खोक्यातील चारही पॅडचा थर सारखा असावा. जुने पॅड सोबत नेऊन आकार, कान आणि छिद्रे जुळवावीत. ‘थोडे घासून बसेल’ असे दुकानदार म्हणाला तर ते पॅड घेऊच नये.

पक्के बिल नेहमी मागावे. सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. काही भागांवरचा पूर्वीचा २८ टक्क्यांचा दर गेल्याने बिलाशिवाय माल घेण्याचे निमित्तही उरलेले नाही. बिल नसेल तर तक्रार कोणाकडे आणि कशाच्या आधारावर करणार?

फिटिंगचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करावी, हॅण्डब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी. चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करून मग जॅक लावावा. गाडी जॅकच्या भरवशावर कधीही सोडू नये, खाली स्टॅण्ड लावलाच पाहिजे.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. पिस्टन मागे ढकलला की ऑइल वर चढते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर थोडे काढून घ्यावे. हे ऑइल रंग खाते, गाडीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

आता कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलावा. पूर्ण काढावा लागल्यास तारेने बांधून ठेवावा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवल्यास नळी आतून फाटू शकते.

जुने पॅड फेकण्यापूर्वी नीट पाहावेत, कारण ते आजार सांगतात. आतले पॅड संपले आणि बाहेरचे शाबूत असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. पॅड पाचरीसारखे तिरके झिजले असेल तरीही तोच संशय घ्यावा. कोकणपट्टीतील खाऱ्या हवेत आणि पावसात या पिना गंजण्याचे प्रमाण जास्त असते. दोष तसाच ठेवून नवे पॅड घातले तर तेही थोड्याच दिवसांत तसेच झिजेल, आणि गिऱ्हाईक म्हणेल, ‘माल खराब दिला.’

पिना काढून पुसाव्यात आणि रबराला चालणारे सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. पॅडचे कान जेथे बसतात ती जागा तारेच्या ब्रशने साफ करावी. डिस्कची जाडी मोजावी. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्यापेक्षा पातळ, तडकलेली किंवा खोल चर पडलेली डिस्क बदलावी.

जुने पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश मागे दाबावा. मागेही डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन फिरवून आत न्यावा लागतो, आणि इलेक्ट्रिक हॅण्डब्रेक असल्यास आधी तो सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. तेथे जोर केल्यास मोठे नुकसान होते.

नवे पॅड बसवताना त्याच्या घासणाऱ्या बाजूला तेलकट हात लावू नये. बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनुसार आवळावेत. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

सर्वांत महत्त्वाचे : आधी पेडल, मग गिअर

पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. त्या क्षणी गाडीला ब्रेक नसतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे, मग ऑइलची पातळी पाहावी. हे न करता गाडी मागे घेतली आणि भिंतीवर किंवा माणसावर गेली, असे अपघात केवळ विसरण्यामुळे होतात. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढल्याशिवाय गाडी बाहेर देऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० किलोमीटरपर्यंत वेग मध्यम ब्रेकने उतरवावा आणि मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावेत. असे आठ-दहा वेळा करावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर विनाकारण करकचून ब्रेक मारू नये. गिऱ्हाईक त्याच रात्री घाटातून गावी निघणार असेल, तर त्याला हे आधी सांगणे गॅरेजवाल्याचे काम आहे.

धूळ आणि आपली फुफ्फुसे

ब्रेकची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय सर्रास दिसते. ही सवय मोडली पाहिजे. ब्रेकच्या लायनिंगमध्ये पूर्वी ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. त्याच्या तंतूंनी फुफ्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि आजार दिसायला अनेकदा वीस-तीस वर्षे लागतात. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर बंदी घातली, भारतात मात्र सरसकट बंदी नाही. स्वस्त पॅडमध्ये काय मिसळले आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ब्रेक क्लीनर मारून किंवा ओल्या फडक्याने धूळ पुसावी, तोंडाला चांगला मास्क लावावा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. हाताखाली शिकणाऱ्या पोरांना तर हे पहिल्याच दिवशी शिकवावे. त्यांचे आयुष्य अजून बाकी आहे.

धंद्याचा हिशेब

या सर्व कामाला घाईच्या कामापेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. त्या वेळेची मजुरी उघडपणे सांगून घ्यावी. जुने पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत, झीज दाखवावी, वहीत गाडीचा क्रमांक, किलोमीटर, पॅडचा क्रमांक आणि डिस्कची जाडी लिहून ठेवावी. पुढच्या वेळी ही वही उघडली की गिऱ्हाइकाला जाहिरातीची गरज वाटत नाही. लोक गाडीबरोबर आपल्या बायका-मुलांचा जीव गॅरेजवाल्याच्या हाती देत असतात. ती अमानत आहे, हे ध्यानात ठेवून शेवटचा बोल्ट आवळावा आणि चावी परत देण्यापूर्वी पेडल स्वतःच्या पायाने एकदा दाबून पाहावे.