विश्लेषण : चकचकीत दिसणारा प्रोपेलर सुरक्षित असतोच का? देखभालीत कसूर झाल्यास पात्यांची तपासणी कशी करतात?

जालन्याला धावपट्टी आहे, मात्र नियमित प्रवासी विमानसेवा नाही. अशा छोट्या धावपट्ट्यांवर प्रामुख्याने उतरू शकतात ती प्रोपेलरची, म्हणजे बोलीभाषेत ‘पंख्याची’ विमाने. वैमानिक प्रशिक्षणासाठीही बहुतेक ठिकाणी हीच वापरतात. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाला. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. तो प्रश्न एखाद्या सुट्या भागाचा नव्हता, विमानांच्या देखभालीसह संस्थेच्या एकूण कारभाराचा होता. मात्र देखभाल नीट झाली नाही तर काय होऊ शकते, हे समजून घेण्यासाठी प्रोपेलरइतके बोलके उदाहरण नाही.

प्रोपेलरवर किती ताण येतो?

प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे सेस्ना 172 हे विमान घेऊ. त्याच्या प्रोपेलरचा व्यास साधारण 1.9 मीटर आणि कमाल वेग मिनिटाला 2700 फेरे, म्हणजे सेकंदाला 45. या वेगात पात्याचे टोक ताशी सुमारे 980 किलोमीटर वेगाने फिरते. विमान त्याच्या निम्म्या वेगानेही उडत नसते.

गोफण फिरवताना दोरीला जशी ओढ बसते, तशी ओढ पात्याच्या प्रत्येक कणाला बाहेरच्या दिशेने बसते. हिशेब केला तर टोकाजवळचा 10 ग्रॅमचा तुकडा 75 किलोंहून अधिक वजन टांगल्यासारखा ओढला जातो. संपूर्ण पात्याचा विचार केला, तर त्याच्या मुळाशी येणारा ताण काही टनांत जातो. शिवाय इंजिनाच्या प्रत्येक धक्क्यासरशी पाते किंचित वाकते आणि सरळ होते.

लहानसा ओरखडा इतका धोकादायक का?

सळईच्या उद्योगामुळे ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात हे सांगायला नको. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. धावपट्टीवर विमान उभे असताना इंजिनाचा वेग वाढवला की प्रोपेलर खडी आणि वाळू वर ओढतो. खडा लागून पात्याच्या पुढच्या धारेला बारीक खाच पडते. उभ्या विमानाच्या पात्यावर ओल साचून गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ताण नेमका अशा जागी एकवटतो आणि तिथूनच तडा सुरू होतो. तो डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

देखभालच चुकीची झाली तर?

21 ऑगस्ट 1995 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 29 जणांना घेऊन निघालेल्या एम्ब्रेअर विमानाच्या प्रोपेलरचे पाते हवेत तुटले. विमान शेतात कोसळले आणि वैमानिकासह अनेकांचा मृत्यू झाला. हे पाते त्याआधीच संशयास्पद ठरून दुरुस्तीला गेले होते. तिथे आतील पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्यात आला आणि पाते ‘ठीक’ ठरवून परत पाठवण्यात आले. गंजातून सुरू झालेला तडा मात्र आत तसाच राहिला.

10 जुलै 2017 रोजी मिसिसिपीत अमेरिकी मरीन दलाचे केसी-130टी विमान कोसळून 16 जणांचा मृत्यू झाला. 2011 मधील ओव्हरहॉलच्या वेळी एका पात्यावरचा गंज पूर्ण काढलाच नव्हता, असे चौकशीत आढळले. त्या गंजातून तडा वाढत गेला आणि तुटलेले पाते विमानाच्या धडात घुसले.

दोन्ही वेळा पात्याची देखभाल ‘झालेली’ होती. वरून पाहिले तर ते निर्दोष दिसत होते.

मग खरी तपासणी कशी होते?

● आधी रंग पूर्ण उतरवतात. रंगाखाली गंज किंवा भरून काढलेली खाच लपलेली असू शकते.

● पात्याची रुंदी आणि जाडी ठरावीक ठिकाणी मोजतात. खाच घासून काढताना दरवेळी थोडा धातू जातो. उत्पादकाने दिलेल्या किमान मापापेक्षा पाते बारीक झाले की ते बाद होते.

● ॲल्युमिनियमच्या पात्यावर चमकणारे द्रव लावून पुसतात आणि अतिनील प्रकाशात पाहतात. तड्यात शिरलेले द्रव रेषेसारखे उजळते. पोलादी भागांसाठी चुंबकीय कणांची चाचणी होते. आतील दोषांसाठी ध्वनिलहरी किंवा एडी करंट वापरतात.

● एटीआर विमानांच्या पात्यांसारख्या कंपोझिट पात्यांवर हलके ठोकून आवाज ऐकतात. मडके घेताना आपण वाजवून पाहतो, तसेच. आवाज बद आला तर आतील थर सुटल्याची शंका येते.

● शेवटी बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळतात आणि प्रोपेलरचा समतोल तपासतात.

जुन्या कामावरच शंका असेल तर?

एखाद्या वर्कशॉपचे काम सदोष आढळले, तर विमान नियामक बंधनकारक निर्देश काढतो. त्या वर्कशॉपने ठरावीक काळात हाताळलेले प्रोपेलर क्रमांकानुसार शोधले जातात. धोका गंभीर असेल तर पुढच्या उड्डाणापूर्वीच ते उतरवावे लागतात. त्यांच्या कागदपत्रांवरील जुनी सही ग्राह्य धरली जात नाही. तपासणी पहिल्यापासून होते. म्हणूनच प्रोपेलरचे लॉगबुक प्रोपेलरइतकेच महत्त्वाचे असते. कुठे, कधी, काय काम झाले याची नोंद नसेल, तर शोध कुठून सुरू करायचा हेच कळत नाही.

भारतात जबाबदारी कोणाची?

देखभालीनंतर विमान उड्डाणयोग्य असल्याची सही परवानाधारक विमान देखभाल अभियंता (एएमई) करतो. ओव्हरहॉल मान्यताप्राप्त संस्थेतच करावे लागते. छोट्या विमानांच्या अनेक प्रोपेलरसाठी उत्पादक साधारण 2000 तास किंवा सहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल ती मुदत सुचवतात. विमान उडालेच नाही तरी गंज थांबत नाही, म्हणून वर्षांची अट असते. उड्डाणापूर्वी प्रत्येक पात्याची धार पाहणे आणि त्यावरून हात फिरवणे हे वैमानिकाचे काम. अर्थात, इंजिन बंद आणि स्विच ‘ऑफ’ असल्याची खात्री करूनच.

प्रोपेलर जमिनीला घासला असेल, तर फक्त पाते सरळ करून किंवा बदलून चालत नाही. तो धक्का क्रँकशाफ्टपर्यंत जातो, त्यामुळे इंजिनही तपासावे लागते.

प्रशिक्षणार्थींनी काय विचारावे?

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी भारतात 200 तासांचे उड्डाण लागते. मराठवाड्यातील अनेक घरांत त्यासाठी कर्ज काढले जाते किंवा जमीन विकली जाते. प्रवेश घेताना शुल्क आणि वसतिगृहाची चौकशी होतेच. सोबत आणखी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. प्रोपेलरचे शेवटचे ओव्हरहॉल कधी झाले? कुठे झाले? लॉगबुक पाहता येईल का? ज्या संस्थेचे काम चोख आहे, तिला या प्रश्नांची उत्तरे द्यायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.